तरीवालीने दार वाजवलं

परळच्या एका मोठ्या इस्पितळात, तळमजल्यावर, औषधांच्या कोठीला लागून एक बिनखिडकीची खोली आहे. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी तिथे वाजतो. तिथे बसलेली बाई ऐकते, कोण हवंय ते विचारते, बटण दाबते आणि बाजूला होते. सुचित्रा घाडी हे काम सव्वीस वर्षं करत होती. एवढ्या वर्षांत लाख माणसं तिने लाख माणसांना जोडून दिली असतील. पण जोडून झालं की आपण तारेवरून उतरायचं, हा त्या कामाचा पहिला धडा. खास तिच्याशी बोलायला म्हणून त्या यंत्रावर कधी कुणाचा फोन आला नाही.

त्या कामाने तिला आणखी एक गोष्ट शिकवली होती. वॉर्डातून सिस्टर जेव्हा म्हणते, "नातेवाइकांना सांगा, फोनवर सांगता येत नाही, येऊन जा," तेव्हा वरचा पलंग रिकामा झालेला असतो. माणूस बरा असला तर सिस्टर सांगून टाकते, जेवला, झोपला, डॉक्टर बघून गेले. सांगण्यासारखं नसलं तरच सांगता येत नाही. हे सुचित्राला इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते शब्द कानावर आले की तिचा हात आपोआप पाण्याच्या बाटलीकडे जाई.

घाड्यांची खोली लालबागच्या ज्या चाळीत होती, तिथे चार मजले होते, चौसष्ट खोल्या होत्या आणि दाराला कडी लागायची ती फक्त झोपताना. सकाळी नऊ वाजले तरी एखादं दार उघडलं नाही, तर शेजाऱ्याने कडी वाजवायची. हा रिवाज कुणी कागदावर लिहिला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे साळगावकर मास्तर, गिरणीतले जुने विणकर, मोरीत पाय घसरून पडले होते ते अशाच कडी वाजवण्यामुळे सापडले, आणि पुढे अकरा वर्षं गॅलरीत बसून सगळ्या चाळीला शिव्या घालत जगले. कडी वाजवणारी सुचित्राच होती. तेव्हा ती सातवीत होती.

मग चाळ पाडली. शीव कोळीवाड्याकडच्या संक्रमण शिबिरात नऊ वर्षं काढली. त्यातल्या सहाव्या वर्षी आई गेली. टॉवर उभा राहिला तेव्हा चिठ्ठ्या टाकून घरं वाटली, आणि ज्यांची भांडी एकमेकांच्या फडताळात सापडायची ती माणसं चौथ्या, अकराव्या, बाविसाव्या मजल्यावर जाऊन पडली. सुचित्राला एकोणिसावा आला. लग्न तिने केलं नव्हतं, भाऊ विरारला. मजल्यावर आठ दारं, प्रत्येक दाराला बाहेर बघायचा डोळा, आणि मधल्या वाटेतले दिवे माणूस चालला तरच लागणारे. पहिल्याच महिन्यात एका दाराशी दुधाच्या दोन पिशव्या पडून राहिलेल्या बघून तिने घंटा वाजवली.

"काय पाहिजे?" आतून आवाज आला. दार उघडलं नाही.

"काही नाही. दूध पडलंय दोन दिवस. म्हटलं सगळं बरं आहे ना."

"मग कशाला वाजवली?"

सुचित्राने दुधाच्या पिशव्या भिंतीकडेला सरकवून ठेवल्या. ती परत आली, आणि त्या दिवसापासून त्या वाटेने जाताना खाली मान घालून जाऊ लागली.

अनुजा म्हणजे यंत्रासमोरच्या दुसऱ्या खुर्चीवरची. नायगावची, चाळिशीची, तोंडाने फटकळ. एकदा जेवताना ती म्हणाली, "ताई, दिवसभर तू त्या चाळीच्या गोष्टी माझ्या एकटीच्या डोक्यात ओततेस. त्यापेक्षा आमच्या बंदरावर ये. चाळीस जण आहेत ऐकायला."

"कसलं बंदर?"

"खेळ आहे गं, मोबाईलवरचा. गोळ्या झाडायच्या नाहीत, फळं फोडायची नाहीत. नुसतं लिहायचं."

"मला काय लिहिता येतंय?"

"बोलता येतं ना? तेच लिही."

त्या बंदराचं नाव शिंपलबंदर. ते कुठल्या नकाशात नव्हतं. चाळीस माणसांनी मिळून रोज थोडं थोडं लिहून ते उभं केलं होतं. प्रत्येकाने तिथे एकेक आयुष्य घेतलं होतं. कुणी सुईण, कुणी कोठावळा. अनुजा तर लोहार झाली होती, मिशांना पीळ देणारी. आपल्या माणसाने काय केलं, काय म्हटलं ते आपण लिहायचं, दुसऱ्याने त्याच्या माणसाच्या तोंडून उत्तर द्यायचं, आणि गोष्ट पुढे सरकायची. ज्याने हे गाव वसवलं त्याला सगळे खोत म्हणत. वादळ आलं, साथ आली, की खोत फासा टाकून कोण वाचलं ते सांगे. नियम दोनच होते. गावात बोलायचं ते आपल्या पात्राच्या तोंडून. स्वतःचं काही सांगायचंच झालं तर कंसात, ओळीभर. आणि दुसरा, मोठा: कोण खरं कुठलं, काय नावाचं, हे विचारायचं नाही, शोधायचं नाही, आणि ठाऊक असलं तर दुसऱ्याला सांगायचं नाही.

सुचित्राने 'तर' घेतली. खाडीवरची माणसं नेणारी होडी. तिचं तिथलं नाव रखमा. नव्या माणसाला बंदरात यायचं तर रखमाच्या तरीतूनच यावं लागे, आणि रखमाला घाई ठाऊक नव्हती. "बसा सावकाश. होडी हलतली, भिया नको. जेवलास काय?" इथून ती सुरू करी. मग खाडीचा रंग, वल्ह्याला लागलेलं शेवाळ, काठावर वाळत घातलेल्या जाळ्यांचा वास. हे सगळं तिने बापाच्या तोंडून ऐकलेलं, देवगडच्या खाडीचं. पलीकडे पाय टेकेपर्यंत नव्या माणसाने आपण कोण, कुणावर रुसून आलो, मागे काय टाकून आलो, सगळं ओतलेलं असे. दोन वर्षांत तिने तेवीस माणसं उतरवली. तेवीसही जण गावात कुठेही भेटले की आधी तिला हाक मारत.

तिला कावीळ झाली तेव्हा सोळा दिवस तिच्याने मोबाईल हातात धरवला नाही. बरी होऊन बघते तर काय, होडी काठाला बांधलेली आणि पलीकडे जाणारे अकरा जण काठावर मुक्काम टाकून बसलेले! कुणी दुसरी होडी घेतली नव्हती. त्यांनी तीन दगडांची चूल मांडली होती, भांडणं केली होती, एकाने रखमाच्या होडीवर पडणारी पानं रोज झाडली होती. सोळा दिवसांचं ते लिखाण सुचित्राने एका बैठकीत वाचलं आणि पदराने तोंड दाबून रडली. आपल्यावाचून कुणाचं तरी अडलं, हे तिला पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा दिसत होतं.

पण गावात तिचं खरं माणूस म्हणजे बाबुलनाना. दीपगृहावरचा म्हातारा. संध्याकाळी सातच्या ठोक्याला तो लिही, "दिवा लावला. काय म्हणते भरती, रखमे?" आणि रखमा उत्तर देई. सुचित्रा सकाळच्या पाळीहून येऊन, भात टाकून, सहा पन्नासलाच खिडकीपाशी बसे. पाऊण तास दोघं बोलत. नानाच्या गुडघ्यांची दुखणी, गलबतांची नावं, परदेशी गेलेल्या मुलाचं न आलेलं पत्र. सुचित्राला मनातून पक्कं वाटे की लिहिणारा कुणी म्हातारा, एकटा, सत्तरीचा गृहस्थ असणार. तरुणाला गुडघ्याचं दुखणं असं कुठून ठाऊक?

मधूनच नाना कंसात एखादी ओळ टाकी. "(थांब जरा, यार्डात मालगाडीचे डबे जोडतायत, मांडणीतले पेले वाजले.)" "(खालची गिरणी सुरू झाली, आता घरभर पीठ.)" "(आमची तुळस जुन्या कुकरात वाढते. शिट्टी न होता.)" सुचित्राने या ओळी जपून ठेवल्या होत्या असं नाही. पण सव्वीस वर्षं ऐकायचंच काम केलेल्या बाईच्या डोक्यातून असलं काही गळत नाही.

एका बुधवारी दिवा लागला नाही.

गुरुवारीही नाही. रखमाने खालून हाका मारल्या. "नानानूं, झोपलास काय?" शुक्रवारी तिने लिहिलं की होडी घेऊन दीपगृहाच्या खडकाला लागले आणि पायऱ्या चढून वर गेले. बाकीच्यांना ही गोष्टीतली नवी गंमत वाटली. कोठावळ्याने तेल चोरीला गेल्याचा संशय काढला, सुईणीने भुताचा. सुचित्रा घटकेघटकेला मोबाईल उघडून बघत होती आणि हे लोक खेळत होते.

शनिवारी तिने खोताला एकट्याला विचारलं. कंसात. "(नाना बरे आहेत ना? तुम्हाला काही कळलंय?)"

तासाभराने उत्तर आलं. "(रखमा, माझ्याकडे माहिती असली तरी सांगता येत नाही. समजून घे.)"

सुचित्राने ते वाचलं आणि तिचा हात पाण्याच्या बाटलीकडे गेला.

रविवारी सकाळी अनुजाचा फोन लागला तेव्हा सुचित्रा उकड्या तांदळाची पेज डब्यात ओतत होती.

"अगं, वेडी आहेस का?" ती नानांना शोधायला निघालीय हे ऐकून अनुजा म्हणाली. "नियम आहे ना. शोधायचं नाही."

"माणूस पडलाय कुठेतरी."

"कुणी सांगितलं पडलाय?"

"खोत सांगत नाही याचा अर्थ काय होतो, तू सांग. तूही तिथंच बसतेस ना माझ्या शेजारी?"

 अनुजा म्हणाली, "तो खोत आहे, वॉर्डातली सिस्टर नाही."

"बरा असता तर बरा आहे म्हणायला याच्या बापाचं काय जात होतं?" सुचित्राने डब्याचं झाकण दाबलं. "पाचवा दिवस आहे, अनुजा. आमच्या चाळीत नऊपर्यंतच वाट बघत."

यार्ड, गिरणी आणि कुकर. तेवढ्यावर ती बसमध्ये बसली. मालगाड्यांचं यार्ड घर हलवील इतकं जवळ, म्हणजे तिच्या माहितीत तरी वडाळाच. स्टेशनाबाहेर उतरून ती यार्डाच्या भिंतीकडेने चालत राहिली. पहिल्या पिठाच्या गिरणीवर पत्र्याचं छप्पर, वर घरच नाही. दुसरी रविवारची बंद, वर शाळेचा वर्ग. तिसरी एका चार मजली इमारतीच्या पोटात होती. सुचित्राने मान वर केली. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली, हँडल तुटलेला एक कुकर होता आणि त्यात तुळस डुलत होती.

तिने गिरणीवाल्याच्या ओट्याला हात टेकला. तुळस हिरवी होती. कुणीतरी पाणी घालत होतं. पण हा विचार तिला नंतर, परतीच्या बसमध्ये सुचला.

दाराला घंटा होती. तिने कडी वाजवली.

साठीच्या एका बाईने दार उघडलं. बकुळाबाई; हे नाव सुचित्राने दारावरच्या पाटीवर वाचलं. मागे चटईवर तिचा मुलगा वर्तमानपत्र पसरून बसला होता.

"कोण हवंय?"

"नाना आहेत का? बरं आहे ना त्यांना?"

"कोण नाना?"

"म्हणजे... बाबुलनाना. वयस्कर आहेत."

"आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली," बकुळाबाई म्हणाल्या. "म्हातारं माणूस या घरात मीच. हर्षवर्धन, बघ रे, या कुणाला शोधतायत."

मुलगा उठला. "काकी, पत्ता चुकलात वाटतं. कुठून आलात?"

"लालबागहून. दिवा लावतात ते. दीपगृहावर. म्हणजे तसं मोबाईलवर..." सुचित्राला आपलं बोलणं आपल्याच कानाला खुळ्यासारखं ऐकू येऊ लागलं. "रोज सातला लावतात. चार दिवस लागला नाही, म्हणून पेज घेऊन आले."

आतल्या खोलीचा पडदा सरकला. तिशीही न ओलांडलेली एक मुलगी बाहेर आली. केसांच्या बुचड्यात पेन खोचलेलं, हातात जाड पुस्तक, त्यात बोट अडकवलेलं. ती सुचित्राकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा असा उतरला की हीच नाना, हे सुचित्राला कुणी सांगावं लागलं नाही.

गप्प राहायची एवढी एकच वेळ होती. 'पत्ता चुकला' म्हणून डबा पदराखाली घेऊन जिना उतरता आला असता. पण तिने दारात पाय टाकून त्या मुलीचा हात धरला. "अगं बाय, तूच का ती? बरी आहेस ना तू? मी रखमा!"

"मी... मी ओळखत नाही यांना," मुलगी नवऱ्याकडे बघून म्हणाली.

हर्षवर्धन दोघींकडे आळीपाळीने बघत होता. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो मोठ्याने हसला. माणूस वाईट नव्हता. हसला मात्र पोट धरून. "प्रिती! तू नाना? दीपगृहातला? सात ते आठ अभ्यास चालतो म्हणून आम्ही इथं टीव्ही बंद करून बसतो, आणि तू म्हातारा होतेस?"

"म्हणजे काय रे?" बकुळाबाई विचारू लागल्या.

"आई, तुझी सून म्हातारा झालीय. गुडघे दुखतात का गं? दाढी आहे का?"

"गुडघे माझे दुखतात," बकुळाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्याही तोंडावर हसू फुटलं.

प्रितीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिने फक्त पुस्तक मिटलं. "काकू," ती हळू म्हणाली, "तुम्ही जा आता."

सुचित्राने डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला. पेज कुणासाठी ठेवायची तेच तिला कळेना. ती डबा घेऊनच परतली.

संध्याकाळी खोताने सगळ्यांना बोलावलं. पात्रं बाजूला ठेवून बोलायचं, कंसांची गरज नाही, असं त्याने वर लिहिलं. दोन वर्षांत तो प्रसंग पहिलाच. नाना नोकरीतल्या खात्याच्या परीक्षेसाठी पंधरा दिवसांची रजा घेऊन गेले होते, त्यांनी ते खोताला सांगितलं होतं, आणि आज रखमा त्यांच्या घरी जाऊन उभी राहिली. एवढं सांगून तो थांबला.

सुचित्रा खिडकीपाशी बसली होती. तिने लिहिलं, "परीक्षा आहे हे काल मला सांगितलं असतं तर मी घराबाहेर पडले नसते."

"कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, हे सांगत बसलो तर नियम कशाला?" खोताचं उत्तर.

"बरं आहे, एवढं तरी?"

"आज बरं आहे सांगायचं, उद्या बरं नाही सांगायचं. मग बाहेरचं आत येतंच."

मग बाकीचे बोलू लागले. एकीने लिहिलं, मी ज्या गावात राहते तिथे माझ्या मागावर कुणी आलं तर मला घर सोडावं लागेल. रखमाचं मन चांगलं असेल, पण उद्या येणाऱ्याचं असेलच असं नाही. सुचित्राला ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्त राग आला. दुसऱ्याने लिहिलं, तरीत बसून मी माझं काय काय बोललोय, आता वाटतं तू ते सगळं लक्षात ठेवून बसली असशील. तो तिने उतरवलेल्या तेविसांपैकी होता. "लक्षात ठेवणारच!" सुचित्राने लिहिलं. "नाहीतर विचारलं कशाला?"

कोठावळा समजुतीने बोलला. "रखमे, तुझ्या काविळीत आम्ही सोळा दिवस काठावर थांबलो. माया नाही असं नाही कुणाला."

 सुचित्राने एकेक अक्षर दाबून लिहिलं, "थांबलात. आला मात्र कुणी नाही."

 अनुजाने वाचल्याची खूण तेवढी लागली.

शेवटी खोताने ठरलेलं सांगितलं. रखमाला कुणी काढू मागत नाही. तिने एक वाक्य लिहून द्यावं, 'यापुढे मी कुणाला शोधणार नाही, कुणाच्या दाराशी जाणार नाही,' आणि विषय संपवावा. उद्या दुपारपर्यंत.

तेवढ्यात वेगळा, एकटीला आलेला निरोप वाजला. प्रितीचा.

"काकू, तुम्ही पेज घेऊन आलात त्याचा राग नाही. मी दारात तशी बोलले त्याची मलाच लाज वाटते. पण घरात आता सगळे मला नाना म्हणतात. जेवायला बसले की सासूबाई म्हणतात, नाना, भाजी घ्या. प्रेमानेच म्हणतात. नणंदेला फोन करून सांगितलं. माझ्याकडे ती एकच जागा होती जिथे यांच्यापैकी कुणी येऊ शकत नव्हतं. आता मी तिथे गेले तरी मागे हे सगळे बसलेले असणार. तुम्हाला हे कळेल की नाही माहीत नाही."

सुचित्राला कळलं. सगळं नाही, पण बरंचसं. चौसष्ट खोल्यांच्या चाळीत अंघोळीच्या वेळी रडून घेणारी आई तिला ठाऊक होती. तिने प्रितीला उत्तर लिहिलं, "चुकले गं बाय. तुझ्या घरी पुन्हा येणार नाही. पेपर नीट दे." ते पाठवायला तिला क्षणही लागला नाही.

खोताचं वाक्य मात्र लिहवेना.

सोमवारी सुट्टी टाकून ती घरीच बसली. तीनदा वाक्य पुरं लिहिलं आणि तीनदा पुसलं. लिहायला काय, नऊ शब्द. लिहिलं की संध्याकाळी होडी पुन्हा सुटणार, आणि परीक्षा झाली की कदाचित नानाही येणार. पण उद्या सुईणीचा पत्ता लागेनासा झाला, परवा कोठावळ्याचा, तर? तर आपण मोबाईल उशाशी ठेवून भुताच्या गोष्टी लिहायच्या? आपल्याच्याने ते होणार नाही, हे तिला स्वतःबद्दल पुरतं ठाऊक होतं. खोटं लिहून देऊन आत बसायचं, की खरं सांगून बाहेर व्हायचं? चाळीस माणसांत आपल्याला जागा आहे ती एवढ्या एका अटीवर, ही गोष्ट तिला गिळता येत नव्हती आणि थुंकताही येत नव्हती.

बाराला पाच कमी असताना तिने लिहिलं, "त्या मुलीच्या दाराशी जाणार नाही, आईशप्पथ. बाकी कुणी आजारी दिसलं, हरवलं, तर मी आधी खोतांना विचारीन. खोतांनी बरं आहे की नाही तेवढं सांगावं. नाही सांगितलं तर मी काय करीन हे मला आज लिहून देता येत नाही."

खोताने वाचल्याची खूण लागली. दहा मिनिटं गेली.

"रखमा, हे वाक्य ते नाही."

"माझ्याकडे हेच आहे."

"मग माझा इलाज नाही. वाईट वाटतं."

काचेवरचं सगळं एकदम गेलं. तेवीस माणसांच्या तेवीस फेऱ्या, काठावरच्या तीन दगडांचं पान, नानाची रोजची पहिली ओळ. तिथे आता एवढंच उरलं की तुम्ही या गटात नाही.

मंगळवारी दुपारी जेवायला बसल्यावर अनुजा तिच्यावर फुटली. "एक वाक्य लिहायला काय जात होतं गं तुझं? मीही दिलंय लिहून, काल. सगळ्यांनी दिलंय. कोण पाळायला बसलंय?"

"तू नाही पाळणार?"

"वेळ आली तर बघू."

"तेच मी लिहिलं."

"ते लिहायचं नसतं, ताई!" अनुजाने पोळीचा तुकडा डब्यात टाकला. "सगळं गावच खोटं आहे. होडी खोटी, खाडी खोटी, मी मिशावाली. तिथं तुला खरं बोलायचं कसं सुचलं?"

"मी तिथं खोटं बोललेच कधी? जेवलास काय विचारायचे, ते जेवले की नाही ते कळावं म्हणूनच विचारायचे."

अनुजाने मान हलवली.  एक फोन आला, सुचित्राने तो बालरोगला जोडून दिला. मग न राहवून तिने विचारलं, "माझी होडी कुणाला दिली?"

अनुजाने मोबाईल पालथा ठेवला.

"विचारते फक्त. कोण नेतं आता माणसांना?"

"ताई, मला नको ना विचारूस. तिथलं बाहेर बोलायचं नाही असं काल सगळ्यांकडून पुन्हा वदवून घेतलंय. माझं नाव तुझ्याबरोबरच घेतात तिथं, मीच तुला आणलं म्हणून. मलाही काढतील." ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला तरी दुसरं कुठं आहे?"

सुचित्राच्या तोंडात आलेलं कडू बोलणं तिथेच राहिलं. अनुजाचा नवरा तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला होता, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तिने स्वतःच्या डब्यातली अर्धी माशाची तुकडी उचलून अनुजाच्या डब्यात ठेवली आणि डबा मिटला.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत अनुजा खुर्ची जराशी वळवून बसू लागली, मोबाईल भिंतीकडे करून. खोली नऊ फूट लांब, आठ फूट रुंद; दोघींचे गुडघे एकमेकींना लागायचे. वाचता वाचता अनुजाला मध्येच हसू यायचं, आणि ते तोंडातून बाहेर पडायच्या आत ती गप्प व्हायची. सुचित्रा समोरच्या यंत्रावरच्या लाल ठिपक्यांकडे बघत राही. रागाने तिचे कान तापत. तो राग खोतावर काढावा तर खोत कोण हे तिला ठाऊक नव्हतं, प्रितीवर काढावा तर ती पोर चुकलेली नव्हती, आणि अनुजा तर गुडघ्याला गुडघा लावून बसली होती.